तीन पायांची राखण

फाल्गुन सरत आला की माझ्या नाकाला ओल्या लोकरीचा वास यायला लागतो. साताऱ्यात आमच्या घराच्या आसपास मेंढरू औषधालासुद्धा सापडायचं नाही, पण वास येतो. सूनबाई म्हणते, "बाबा, कपाटातल्या जुन्या शालीचा असेल." मी मान डोलावतो. तिला काय आणि कुठून सांगणार? परवा सकाळी फिरायला गेलो, तर ऊस तुटून गेलेल्या एका रानात धनगरांचा कळप बसलेला. नुकतीच कातरलेली मेंढरं. कातरलं की मेंढरू एकदम पोरगेलं दिसतं. मान बारीक, कान मोठे, अंगावर कात्रीचे उभेआडवे पट्टे आणि चेहऱ्यावर आपलं काहीतरी हरवल्याचा भाव. कळपाच्या कडेला एक कुत्री झोपली होती. चारही पाय शाबूत होते तिचे, तरी मी बराच वेळ तिच्या पुढच्या उजव्या पायाकडे पाहत रस्त्यात उभा राहिलो. शेवटी धनगरानं विचारलंच, "काय बगतायसा, आजोबा? चावत न्हाई ती."

मी म्हणालो, "काही नाही. ओळखीची वाटली."

तो हसला. म्हाताऱ्या माणसाला लोक असंच हसतात, आणि ते बरोबरच आहे.

ओळख होती ती पंचेचाळीस सालातल्या एका कुत्रीची. जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी घेऊन मी दहिवडीच्या दवाखान्यात आलो, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. वय चोवीस. डोक्याला सोला हॅट, पायात चकचकीत बूट, आणि पुस्तकात जे नाही ते जगातही नाही अशी पक्की खात्री. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात एक कडुनिंब आणि कंपौंडर गणपतराव. गणपतराव माझ्या दुप्पट वयाचे आणि चौपट अनुभवाचे. तरी ते मला 'साहेब' म्हणत, आणि मीही ते खुशाल ऐकून घेत असे. आज त्या हॅटवाल्या पोराची गाठ पडली तर मी त्याला आधी ती हॅट काढायला लावीन.

पौषातल्या एका सकाळी हौसाबाई आली. पंचविशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली बाई. खांद्यावर घोंगडी, हातात तिच्याच उंचीची काठी. सहा मैल चालून आली होती, आणि तिच्या मागं राखी रंगाची एक कुत्री पुढचा उजवा पाय टेकत, उचलत, पुन्हा टेकत आली होती. नाव भुरी. हौसाबाईनं पडवीत बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

"डाक्टर, हिचा पाय बगा. सुगीच्या आदीपास्नं लंगडतीया. आदी वाटलं कुसळ गेलं आसंल. पंजा बगितला, कुसळ न्हाई. मग वाटलं मुरगळला, म्हनून डाग दिला. त्यानं बी गुन न्हाई. आन् आवं, त्याच अंगाचा डोळा बी बारीक झालाया."

माण तालुक्यातल्या उघड्या रानात वाळलेल्या गवताची कुसळं कुत्र्यांच्या बोटांत शिरतात, आत सरकतात आणि पू करतात. त्यामुळं तिचा पहिला अंदाज चुकीचा नव्हता. पण भुरीच्या खांद्यावर तापल्या लोखंडाचे दोन आडवेतिडवे डाग होते, चिघळलेले, माश्या बसलेल्या. ते डाग मला दिसले आणि त्यापुढं मला दुसरं काही दिसेनासं झालं.

"हा डाग कोणी दिला?"

"म्या."

मग मी जे सुरू झालो ते पाव तास थांबलो नाही. मुकं जनावर, अडाणीपणा, विसावं शतक, सगळं झालं. हौसाबाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. गणपतराव उगीचच बाटल्या पुसत होते. मी जखम धुतली, मलम लावलं, डोळ्यात धूळ गेली असेल म्हणून बोरिकचं पाणी दिलं, आणि केसपेपरवर ऐटीत लिहिलं: डागाची जखम, त्यामुळे लंगडणे. बाईनं क्रम नीट सांगितला होता. आधी लंगडणं, मग डाग. मी रागाच्या भरात तो उलटा करून टाकला होता.

या कुत्रीवर तिचं काय काय टांगलेलं होतं, ते मला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळलं. हौसाबाईचा नवरा लढाईवर गेला होता, खेचरांच्या पलटणीत. तिकडं 'लामावर गेला' म्हणतात. आठ महिन्यांत त्याचं पत्र नव्हतं. मागं त्याची तीसेक मेंढरं, ती आणि भुरी. दीर सिदू आपल्या मोठ्या कळपासह शेजारच्याच रानात असायचा. तो वाईट माणूस नव्हता, पण व्यवहारी होता. त्या माळांवर लांडगे होते, आणि कुत्र्याशिवाय कळप म्हणजे त्यांना पंगतीचं आमंत्रण. सिदू सांगत होता, कुत्री निकामी झाली की तुझी मेंढरं माझ्यात घाल.

"घातली तर काय बिघडलं?" मी भाबडेपणानं विचारलं होतं.

"त्यांच्यात घातली म्हंजी कानाला त्यांची खून व्हनार," ती म्हणाली. प्रत्येक धनगराची मेंढराच्या कानावर कापून केलेली आपली खूण असते. कान एकदा कापला की तो पुन्हा जुळत नाही. "मग म्या त्यांच्या चुलीम्होरं बसायचं. आन् ह्ये परत आलं, तर त्यास्नी काय दावू? तुमची मेंढरं त्या कळपात कुटंतरी हायती म्हनून सांगू?"

'परत आलं तर' हे ती अगदी सहज म्हणाली. मी भुरीच्या डागाला मलम लावत राहिलो.

माघ संपेपर्यंत जखम भरली. मी खूश होतो. लंगडणं मात्र वाढलं होतं. पंजा आता जमिनीवर उलटा पडून घासत होता आणि उजव्या खांद्याचं मांस उतरलं होतं. मी म्हणालो, डागामुळं कातडी आखडलीय, तेल चोळा. गणपतराव एकदा हळूच म्हणाले, "साहेब, खांदा लईच वाळलाय." मी म्हणालो, पाय वापरात नसला की वाळणारच. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. हौसाबाई दर आठवड्याला सहा मैल यायची आणि सहा मैल जायची. एकदासुद्धा म्हणाली नाही की डॉक्टर, तुमच्यानं होईना. तिचा तो धीर आठवला की आजही माझे कान गरम होतात.

आणि मग कातरणी आली.

ज्यानं कातरणी पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही, तरी सांगतो. शिमगा झाला की ऊन करकरीत होतं. माणगंगेच्या पात्रात कुठं डोह उरला असेल तिथं कळप येतात. दोन दिवस आधी मेंढरं डोहात ढकलून धुतात. बायका लुगडी खोचून कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहतात, मेंढरू अंगावर घेऊन चोळतात, आणि डोह गढूळ दुधासारखा होतो. सगळीकडं तो वास, ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, उन्हात तापलेल्या खडकाचा. मग कातरणीच्या दिवशी बाभळींच्या विरळ सावलीत दहा-बारा माणसं ओळीनं बसतात. आज तुझा कळप, उद्या माझा, असं एकमेकांचं कातरून द्यायचं. मेंढराचे पाय बांधतात, कात्र्या कचकच चालतात आणि लोकर गोधडीसारखी एका तुकड्यात सुटून येते. बाजूला पोळ्यांबरोबर खायचं गुळवणी रटरटत असतं. लोकर उतरल्यावर खरूज उघडी दिसते, म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम तिथं गेलो होतो. शिवाय पोळ्या होत्या, हेही कबूल केलं पाहिजे.

हौसाबाईचा कळप लहान, तो दुपारीच संपला. सर्वांत शेवटी कळपाच्या कुत्र्यालाही चार कात्र्या लावायची त्या लोकांची रीत होती. कुत्रं कळपातलंच, त्याला वगळायचं नाही. थोडे गोचीड निघतात आणि मानही राहतो. कातरायला बसले होते भिवानाना. सत्तरीचा म्हातारा, एका डोळ्यात पूर्ण मोतीबिंदू, दुसऱ्यात अर्धा. ते डोळ्यांनी कातरतच नव्हते. डावा हात लोकरीत आधी जायचा आणि उजव्या हातातली कात्री त्याच्या मागून यायची.

नानांनी भुरीचा पुढचा पाय उचलला, काखेत हात घातला आणि ते थांबले. बोटं तिथंच ठेवून त्यांनी हाक मारली.

"डाक्टर, हिकडं या वाईच. ह्या कुत्रीच्या काखंत कायतरी हाय."

"गोचीड असेल, नाना."

"गोचीड न्हवं. लय आत हाय. आवं, पन्नास वर्सं मेंढरांच्या काखा ह्या बोटांखालनं जात्यात. हितं आसं कुनाला नसतंय. तुमी हात घाला."

मी हात घातला. वरवर काही नव्हतं. "आनी आत," नाना म्हणाले, "बरगडी आन् पाय यांच्या मदी." मी बोटं आत रेटली, आणि ती लागली. आवळ्याएवढी, घट्ट गाठ. तिच्या वरच्या टोकाकडं दोरीसारखं काहीतरी मानेच्या दिशेनं जात होतं. मी जरा दाबलं मात्र, भुरी अशी ओरडली की डोहावरच्या बायका वळून पाहायला लागल्या. तो आजारी पाय खांद्यापासून नखांपर्यंत ताठ झाला, थरथरला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. पाय दुखत होता, पण हाड चांगलं, सांधा चांगला. खांदा वाळत होता, पंजा उलटा पडत होता. म्हणजे दुखणं पायात नव्हतंच, पायाला हुकूम पोचवणाऱ्या नसेत होतं. रक्ताची नस नव्हे, मज्जातंतू, तो पांढरा दोर. त्यावरच गाठ धरली होती. आणि डोळा! बाई पहिल्या दिवशी म्हणाली होती, त्याच अंगाचा डोळा बारीक झालाय. मी तिचं तोंड वर केलं. उजवी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, पापणी उतरलेली. डोळ्याच्या कोपऱ्यातलं गुलाबी पातळ पटल पुढं सरकलेलं. डोळ्याकडं जाणारा एक बारीक तंतू पायाच्या तंतूंच्या मुळाजवळूनच वर चढतो, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. चांगले गुण पडले होते त्याला. आणि दोन महिने त्या डोळ्यात मी बोरिकचं पाणी घालत होतो.

मी तिथंच, लोकरीच्या ढिगाजवळ, बसून राहिलो. हौसाबाईनं विचारलं, "काय हाय?"

"माझी चूक आहे," मी म्हणालो. एवढंच शहाणपण मला त्या दिवशी सुचलं. "डागानं काही झालेलं नाही. आत गाठ आहे. मी ती आधीच शोधायला हवी होती."

ती म्हणाली, "घावली न्हवं? मग आता काय करायचं त्ये सांगा."

काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी सांगलीची मोटार धरली. सांगलीत माझे आतेभाऊ अण्णा माणसांचे सर्जन होते. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की ड्रायव्हर आम्हाला उतरवून ढकलायला लावी आणि मागच्या भट्टीतला धूर सगळ्यांना सारखा वाटून देई. सांगलीत उतरलो तेव्हा मी कोळसेवाल्यासारखा दिसत होतो, आणि बाजारात नव्या हळदीचा हंगाम होता. रस्ते, बैलांची शिंगं, हमालांच्या पापण्या, सगळं पिवळं. त्या दिवशी माझ्या शर्टावर बसलेली हळद पुढं दोन धुण्यांत गेली नाही.

अण्णा कुत्र्याचं नाव काढताच हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. एका हातमागवाल्याच्या दंडावर त्यांनी अशी गाठ पाहिली होती. त्यांनी कागदावर मान काढली, खांदा काढला, पाच तंतू काढले आणि पेन्सिल मणक्याच्या अगदी जवळ टेकवली. "डोळ्यावर परिणाम दिसतोय, म्हणजे ती इथवर आली असणार. नुसती गाठ खरवडून पाय वाचवायला जाशील, तर पायही जाईल आणि कुत्रीही. पाय काढ. आणि तंतू जितका वर कापता येईल तितका वर काप."

"खांद्यातून काढायचा म्हणजे करवत लागेल."

"ते तुझ्या पुस्तकात बघ. मी माणसांचा डॉक्टर."

पुस्तकात पाहिलं आणि जे आधीच पाठ होतं ते पहिल्यांदा समजलं. कुत्र्याचा पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेलाच नसतो. माणसाला गळ्यापाशी हाड असतं, त्याला ते नसतं. सगळा पाय, खांद्याच्या फऱ्यासकट, म्हणजे त्या सपाट हाडासकट, नुसत्या मांसानं धडाशी धरून ठेवलेला असतो. म्हणजे हाड कापायचं नव्हतं, धरलेलं सोडवायचं होतं. अण्णांनी मला क्लोरोफॉर्मची बाटली दिली, तोंडावर धरायची जाळी दिली, शिवायचं सामान आणि जखमेत टाकायला लष्करातून आलेली सल्फाची पूड दिली. निरोप देताना म्हणाले, "मुळाशी थोडं राहीलच. ते मालकाला आधी सांग. आपण देव नाही."

परत येऊन मी हौसाबाईला सगळं सांगितलं. पाय काढला नाही तर कुत्री वेदनेनं जाईल, दोन-तीन महिन्यांत. काढला तर वाचेल, पण किती दिवस ते सांगता येत नाही. मूळ आत राहण्याची भीती आहे.

"हराळीगत," ती म्हणाली. शेतातली हराळी खणून काढली तरी एखादी मुळी राहते, तसं. मी म्हणालो, अगदी तसंच.

"आन् तीन पायांवर राखन करंल?"

"ठाऊक नाही."

"मग दोन दिस थांबा," ती म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, आता ही काही येत नाही. तिसऱ्या दिवशी आली ती तरतरीत चेहऱ्यानं. मेंढराचा पाय मोडला की धनगर तो दुमडून पोटाशी बांधतात आणि त्याला कळपाबरोबर चालवून पाहतात. तिनं तेच केलं होतं. लुगड्याची पट्टी फाडून भुरीचा उजवा पाय छातीशी आवळून बांधला आणि दोन दिवस कळप हिंडवला.

"चार पायांपरास तीनांवर बरी पळतीया, डाक्टर. त्यो पाय तिला आडवाच येत हुता. काल कोकराच्या मागं एक कुत्रं लागलं, तर हिनं त्याला वड्यापातूर हाकललं. काढा पाय."

पुढं मी शहरातल्या दवाखान्यांतून नोकऱ्या केल्या, नवी यंत्रं पाहिली, तरुण डॉक्टरांना शिकवलंही. पाय काढायची वेळ आली की मी त्यांना सांगायचो, आधी पाय बांधा आणि जनावर चालवून पाहा, मालकालाही पाहू दे. ते वहीत लिहून घेत. ही युक्ती कुठल्या पुस्तकात आहे, असं एकानं विचारलं होतं. मी म्हणालो, माणच्या माळावर आहे.

दवाखान्याच्या आतल्या खोलीचं दार आम्ही बिजागऱ्यांतून उचकटून दोन पेट्यांवर टाकलं आणि ते टेबल केलं. सकाळची वेळ, पडवीत लख्ख उजेड. गणपतरावांच्या हातात जाळी आणि बाटली. हौसाबाई भुरीच्या डोक्याशी बसली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली, मेंढरांची नावं घेत असावी. थेंब थेंब क्लोरोफॉर्म पडत गेला, भुरीचे पाय सैल झाले. मी कातडी कापली. फरा सोडवला, मोठ्या रक्तवाहिन्या बांधल्या, आणि मग ते तंतू दिसले. चांगले तंतू सुतळीएवढे, पांढरे, चमकदार. त्यांतला एक मात्र माझ्या करंगळीएवढा जाड, करडा, आणि त्याच्या मध्यावर ती गाठ. मी तिच्या मागं मागं वर गेलो, मानेच्या मुळापर्यंत, जिथं बोटाला मणका लागला. तिथंही तो पुरता बारीक झालेला नव्हता. जितका ओढता आला तितका हलकेच ओढला, आणि कापला.

तेवढ्यात गणपतराव म्हणाले, "साहेब, श्वास थांबला."

मी सुरी टाकली. जीभ ओढून धरली, छाती दाबली, सोडली, दाबली. हौसाबाईनं दोन्ही हातांनी भुरीचं डोकं धरून ठेवलं होतं आणि ती माझ्या हातांकडं पाहत होती, जणू ते थांबले तर ती ते पुढं चालवणार होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक उचकी, एक मोठा श्वास, आणि भुरीच्या बरगड्या आपोआप हलायला लागल्या. गणपतरावांनी उपरण्यानं माझं तोंड पुसलं. त्या क्षणापासून त्यांनी मला 'साहेब' म्हणावं असं मला कधी वाटलं नाही, पण ते म्हणत राहिले.

आठ दिवस भुरी पडवीत होती. तिकडं कळप उघडा. सिदू दुसऱ्याच दिवशी खूण करायची सुरी घेऊन आला, म्हणाला, "आता कुत्री गेल्यात जमा हाय, वहिनी. घाला मेंढरं." हौसाबाई म्हणाली, आठ दिवस थांबा. तो थांबेना. तेव्हा भिवानाना आपली मेंढरं घेऊन आले आणि तिच्या कळपाला लागून त्यांनी आपली वाघर ठोकली. वाघर म्हणजे कळपाभोवती लावायची दोरीची जाळी. सिदूला एवढंच म्हणाले, "आठ दिस म्हनली न्हवं ती? मग आठ दिस. नवव्या दिशी ये, गड्या." ज्यांना समोरचा माणूस धड दिसत नव्हता, त्यांनी त्या हंगामात आम्हा सगळ्यांना वेळेवर पाहिलं. मी त्यांचे आभार मानायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "म्या काय केलं? माजा हात तितं गेला." मला अजून वाटतं की बऱ्याचशा विद्येचा हिशेब शेवटी एवढाच असतो. कोणाचा तरी हात तिथं जातो आणि आपण तो ऐकायचा असतो.

तिसऱ्या दिवशी भुरी उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. सातव्या दिवशी पडवीची पायरी उतरली. आठव्या दिवशी हौसाबाई आली, आणि भुरी तिच्या आधीच रस्त्याला लागली. नवव्या दिवशी सिदू आला तेव्हा भुरी वाघरीच्या तोंडाशी बसलेली होती. त्यानं तिला भाकरीचा तुकडा टाकला म्हणतात.

भुरी त्यानंतर सव्वा वर्ष जगली. त्या पावसाळ्याच्या शेवटी तिला चार पिलं झाली, त्यांतली दोन हौसाबाईनं ठेवली. पुढच्या वर्षी मृगात तिचे मागचे पाय ओढायला लागले. मूळ आत शिरलं होतं, मणक्याला पोचलं होतं. हौसाबाईनं तिला खांद्यावर घालून आणलं. मी बोलायच्या आधीच म्हणाली, "त्या दिशी झोपवली तशी झोपवा, डाक्टर. पन ह्या खेपेला उठवू नका." मी उठवली नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मी म्हणालो, "मी पौषातच शोधलं असतं, तर आणखी वर्षभर जगली असती कदाचित." ती म्हणाली, "आसंल. पन जेवडी पायजे हुती तेवडी जगली की."

तेवढी म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं. तिनंच मला ते आधीच्या हिवाळ्यात सांगितलं होतं, पडवीत बसून, हसून हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लढाई संपली होती. तिच्या नवऱ्याला पत्र लिहायला कोणी मिळालं नव्हतं की पत्र वाटेत हरवलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका संध्याकाळी दिवस मावळायच्या सुमाराला तो आपणच आला. खाकी कपडे, डोक्यावर लोखंडी ट्रंक, तोफांच्या आवाजानं एक कान गेलेला. तो निघाला तेव्हा भुरी हातात मावेल एवढं पिल्लू होती. तिला तो कुठला ठाऊक असणार? एक परका माणूस वाघरीकडं येतोय एवढंच तिनं पाहिलं आणि ती तीन पायांवर त्याच्या अंगावर गेली. तो डावीकडं सरकला, ती आडवी. उजवीकडं सरकला, ती आडवी. शेवटी बिचाऱ्यानं ट्रंक खाली ठेवली आणि त्या ट्रंकेवरच बसून राहिला, स्वतःच्या मेंढरांपासून दहा पावलांवर.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "कुठं होतात?"

"चुलीपाशीच हुते की. बगत हुते."

"आणि भुरीला हाक मारली नाहीत?"

हौसाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"मारली. पन मुद्दाम वाईच येळानं. म्हनलं, बगू दे त्यास्नी."